तेरा वर्षांखालील

पहाटे साडेपाचला भुसावळात
मे महिन्याने थोडा अंधार शिल्लक ठेवलेला असतो,
तेवढ्यात सगळं उरकायचं.
आठनंतर रेल्वेचं मैदान कुणाचंच नसतं,
काळ्या मातीच्या भेगेत अख्खा घोटा जातो.
मी चुन्याची रेघ मारतो.
भेगेशी रेघ तुटते,
तिथे फक्की जरा जास्त सोडतो.

कागदावर मी सहाय्यक प्रशिक्षक.
लोको शेडमधून निवृत्त. डावा पाय बरा होता,
शेडच्या संघाकडून एकदा नागपूरला जाऊन हरून आलो.
आमच्या वेळी शिकवायचं म्हणजे
चेंडू फेकायचा आणि ओरडायचं.

आता वही आहे.
महिन्याच्या एक तारखेला पोरं
चौकटीला पाठ लावून उभी राहतात.
उंची. वजन. बसून उंची वेगळी,
कारण पाय आधी पळतात, धड मागून येतं,
आणि त्या मधल्या दिवसांत पोरगं
स्वतःच्याच पायांत अडकून पडतं.
तेव्हा रागवायचं नाही,
असं क्लबने पुण्याहून लेखी कळवलंय.

वय खरं की खोटं, ते मनगट सांगतं.
रुबाब तडवीचा एक्स-रे मी खिडकीकडे धरला:
हाडांच्या टोकांशी बारीक काळ्या फटी.
डॉक्टर म्हणाले, या अजून भरायच्यात.
मी म्हटलं, आमच्या मैदानासारखं दिसतंय.
ते हसले नाहीत, मागे रांग होती.

रुबाब पालच्या पुढचा,
एसटी जिथून माघारी वळते तिथला.
पहिले तीन दिवस बूट घालून
बदकासारखा चालला.
मेसच्या भिंतीवर चार्ट: दोन अंडी, मोड आलेली मटकी, दूध.
शेवंताबाई रविवारी चार्टकडे पाठ करून
कळण्याची भाकरी थापते, वर मिरचीचा ठेचा,
आणि चोवीस पोरं
चोवीस घरांची जेवून घेतात.

चेंडू यायच्या आधी मागे बघ.
एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.
वर्षभर मी एवढंच सांगत असतो.
पुण्याच्या सरांनी टॅबलेटवर मोजलं:
दहा सेकंदांत कुणाची मान दोनदा वळली,
कुणाची तीनदा.
रुबाबची सहा वेळा.
कुणी शिकवलं रे?
‘बकऱ्या मोजा लागता ना सर.
पुढची पाह्यत बसलं,
का मांगची केळीत घुसते.’
सरांनी मला अर्थ विचारला.
मी सांगितला, त्यांनी तो इंग्रजीत टिपून घेतला.

यादी मेच्या अखेरीस आली. नऊ पोरं पुण्याला.
रुबाबच्या रकान्यात:
वीस मीटर — मंद.
अपेक्षित उंची — पाच फूट तीन.
निर्णय — मुक्त.
मुक्त म्हणे. कैदेत होता का तो?
आणि मान सहा वेळा वळते,
याला वहीत रकानाच नव्हता.
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात.
समास कुणी वाचत नाही,
हे मला शेडमधल्या चौतीस वर्षांपासून माहीत आहे.

त्याला सांगायचं काम माझ्याकडे होतं.
आदल्या रात्री मी वाक्यं जुळवली होती.
त्याने पहिल्याच वाक्याला मान हलवली
आणि विचारलं,
‘बूट वापस देयाचे का?’
म्हटलं, राहू दे.
पाय वाढले की होणारच नाहीत तुला.
‘ते तं वाढतीनच,’ तो म्हणाला,
पाच फूट तीनचा आकडा
त्याला कुणी सांगितला नव्हता.
मीही सांगितला नाही.

रावेर गाडीला ही गर्दी.
पायरीवर पाय ठेवण्याआधी
त्याने एकदा डावीकडून मागे पाहिलं, एकदा उजवीकडून.
मी हात वर केला.
तो माझ्याकडे पाहत नव्हता.
एका पोत्याच्या आणि एका म्हाताऱ्याच्या मधून
कुणाला धक्का न लावता तो आत सरकला,
आणि खिडकीत दिसला तो बसलेलाच.

संध्याकाळी सामानाची वही भरली.
बूट, जोडी एक, साइज तीन:
फाटले.